हिस्टोरिकसची पत्रे : तटस्थ राष्ट्र आणि शस्त्रांचा व्यापारी

इ. स. १८६३ साली लंडन येथे एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 'टाइम्स' या वृत्तपत्रात 'हिस्टोरिकस' या टोपणनावाने आलेल्या पत्रांचा तो संग्रह होता व त्याचा विषय आंतरराष्ट्रीय कायद्यातील काही प्रश्न हा होता. टोपणनावामागचे गृहस्थ म्हणजे विल्यम व्हर्नन हारकोर्ट. पुढे ते केंब्रिज विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक झाले आणि त्यानंतर ब्रिटनचे अर्थमंत्रीही झाले. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते व आजोबा यॉर्कचे आर्चबिशप. तेव्हा नीतीच्या प्रश्नांना अपरिचित अशा मनुष्याने ही पत्रे लिहिली, असे कोणासही म्हणता येणार नाही.

हा ग्रंथ आज फारसा कोणी वाचीत नाही. परंतु परक्या देशात यादवी युद्ध पेटले असता तटस्थ राष्ट्रातील खाजगी व्यापाऱ्याने त्या युद्धासाठी शस्त्रे विकावीत काय, आणि विकल्यास त्याचा दोष राष्ट्राकडे जातो काय, या प्रश्नाला हारकोर्ट यांनी जे उत्तर दिले तेच पुढे सुमारे शंभर वर्षे जगाने प्रमाण मानिले, आणि आजही शस्त्रांचा व्यापार करणारी राष्ट्रे अडचणीत आली म्हणजे त्याच उत्तराचा आश्रय घेतात. म्हणून त्या उत्तराची समीक्षा करणे हे केवळ इतिहासाचे काम नव्हे. ईश्वरपरिज्ञानाच्या अभ्यासकाचाही त्याच्याशी संबंध आहे. कारण आपल्या हातून गेलेल्या वस्तूबद्दल आपण कोठवर जबाबदार असतो, हा प्रश्न पवित्र शास्त्राने कायद्याच्या कितीतरी आधी विचारला आहे.

प्रथम हारकोर्ट यांची बाजू न्याय्य रीतीने मांडली पाहिजे. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले. आठवड्याच्या आत अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. १३ मे रोजी व्हिक्टोरिया राणीने तटस्थतेचा जाहीरनामा काढला. तेव्हापासून लिव्हरपूल, बर्मिंगहॅम व लंडन ही दोन्ही पक्षांच्या खरेदीदारांची पेठ बनली. एनफील्ड बंदुका उत्तरेनेही घेतल्या व दक्षिणेनेही. दोन्ही पक्ष खरेदी करीत आणि दोन्ही पक्ष दुसऱ्यास विकल्याबद्दल ब्रिटनला दोष देत.

या गदारोळात हारकोर्ट यांनी जी भूमिका घेतली ती थोडक्यात अशी : तटस्थता हे राष्ट्राच्या शासनाचे कर्तव्य आहे. शासनाने स्वतः कोणत्याही युद्धमान पक्षास शस्त्र देऊ नये व आपली भूमी कोणाच्याही मोहिमेचा तळ होऊ देऊ नये. परंतु खाजगी व्यापाऱ्याने आपल्या जोखमीवर माल विकला, तर तो युद्धनिषिद्ध माल म्हणून समुद्रावर पकडण्याचा अधिकार शत्रुपक्षास आहे. त्यापलीकडे तटस्थ राष्ट्रावर काही बोजा पडत नाही. शत्रूचे पहारेकऱ्याचे काम तटस्थाने का करावे? या मतास अमेरिकेचेच दाखले उपलब्ध होते. १७९३ साली जेफर्सन यांनी ब्रिटिश वकिलास कळविले होते की, दूरदेशी युद्ध चालू आहे एवढ्यावरून शस्त्रे बनविणाऱ्या व विकणाऱ्या नागरिकांचा उद्योग, जो त्यांच्या उपजीविकेचे साधन आहे, तो बंद पाडणे रास्त होणार नाही. १८२२ साली न्यायमूर्ती स्टोरी यांनीही, सशस्त्र जहाज परदेशी बंदरात विक्रीस पाठविणे हे एक व्यापारी साहस आहे, त्याची शिक्षा म्हणजे फार तर जप्ती, असा अभिप्राय दिला होता. उत्तरेच्या वकिलास त्याच्याच देशाचा कायदा दाखविणे यात अप्रामाणिकपणा काहीच नव्हता. हारकोर्ट दक्षिणेचे पक्षपाती नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १८६२ च्या अखेरीस दक्षिणेला मान्यता देण्याच्या गोष्टी बोलल्या जात असता त्यांनी त्याविरुद्ध जोराने लिहिले.

आणखी एक अडचण त्यांच्या बाजूची आहे व ती खरी आहे. उत्तरेकडे कारखाने होते. दक्षिणेकडे जवळजवळ नव्हते. खुली पेठ म्हणजे दक्षिणेचा प्राण. पेठ बंद करणे म्हणजे उत्तरेला साहाय्य. मग बंदी घालणे हे तरी तटस्थ कसे? या आक्षेपाचे सामर्थ्य पुढे स्पेनमध्ये दिसून आले. १९३६ च्या ऑगस्टात युरोपातील राष्ट्रांनी हस्तक्षेप न करण्याचा करार केला आणि ९ सप्टेंबरपासून लंडन येथे त्याची समिती बसू लागली. बंदी उभय पक्षांस सारखी होती. परंतु जर्मनी व इटली ही समितीचे सभासद असूनही फ्रँकोला सैन्य व विमाने पुरवीत राहिली, आणि करार पाळणाऱ्यांची बंदी मुख्यतः कायदेशीर सरकारासच जाचली. जानेवारी १९३७ मध्ये अमेरिकेनेही शस्त्रबंदी केली. पण तेल हे शस्त्र नव्हे म्हणून एका अमेरिकन कंपनीचे तेल फ्रँकोच्या सैन्यास उधारीवर मिळत राहिले. यावरून इतके निश्चित होते की विकणे हे आपोआप तटस्थ नाही आणि न विकणेही आपोआप तटस्थ नाही. जे बंदीलाच पुण्य समजतात त्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

मग हारकोर्ट चुकतात कोठे? आमच्या मते तीन ठिकाणी.

पहिली चूक बंदूक व जहाज यांमध्ये त्यांनी ओढलेल्या रेषेत आहे. बंदूक विकणे हा व्यापार. परंतु तटस्थ भूमीवर युद्धनौका सज्ज करून सोडणे ही शत्रुमोहीम, आणि ती शासनाने रोखलीच पाहिजे, असा हा भेद होता. १८१९ चा ब्रिटिश कायदाही जहाज सज्ज व सशस्त्र करण्यास मनाई करीत होता. दक्षिणेच्या नौदलाचे प्रतिनिधी जेम्स बुलॉक यांनी लिव्हरपूलच्या वकिलाचा सल्ला घेतला व त्यातून एक सोपी वाट निघाली. जहाज येथे बांधावयाचे, तोफा निराळ्या जहाजाने पाठवावयाच्या, आणि दोहोंची गाठ परक्या पाण्यात घालून द्यावयाची. बर्कनहेड येथील लेअर्ड यांच्या गोदीत २९० क्रमांकाचे जहाज १५ मे १८६२ रोजी पाण्यात उतरले. ते कोणासाठी आहे हे बंदरावरील हमालासही ठाऊक होते. अमेरिकेचे तेथील वाणिज्यदूत डडली यांनी शपथपत्रे गोळा केली; सर रॉबर्ट कोलिअर या नामांकित कायदेपंडितांनी जहाज अडविलेच पाहिजे असे मत दिले. कागद सरकारी कायदेसल्लागारांकडे गेले. त्यांपैकी सर जॉन हार्डिंग यांस मानसिक आजार झाला होता आणि कागद कित्येक दिवस त्यांच्या घरी पडून राहिले. २९ जुलै रोजी जहाज 'चाचणीसाठी' म्हणून पाहुणे मंडळींसह निघाले. पाहुणे एका लहान आगबोटीतून परत आले, जहाज परतले नाही.

अझोर्स बेटांतील तेर्सेरा येथे त्यावर तोफा चढल्या. तेर्सेरा पोर्तुगालचे; त्या काळी गोवेही त्याच पोर्तुगालचे. म्हणजे दुसऱ्या एका तटस्थ राष्ट्राच्या पाण्यात हे काम पार पडले. २४ ऑगस्ट रोजी जहाजाने 'अलाबामा' हे नाव धारण केले आणि पुढील दोन वर्षांत साठाहून अधिक व्यापारी जहाजे पकडली. त्यांतील बहुतेक जाळली. त्याची झळ आपल्या किनाऱ्याजवळही आली. जानेवारी १८६४ मध्ये मलबारच्या समुद्रात त्याने एक अमेरिकन जहाज जाळले व त्यावरील माणसे अंजेंगो येथे उतरवून दिली. १९ जून १८६४ रोजी शेर्बूरजवळ 'किअरसार्ज' या युद्धनौकेने त्यास बुडविले.

दरम्यान १८६३ च्या जूनमध्ये 'अलेक्झांड्रा' या दुसऱ्या जहाजाचा खटला लंडनमध्ये चालला. मुख्य न्यायाधीश पोलॉक यांनी ज्यूरीस विचारले की, दारू व बंदुका विकण्यास हरकत नाही, तर जहाज विकण्यास का असावी? ज्यूरीने गोदीवाल्यांच्या बाजूने कौल दिला. हा प्रश्न ऐकून अनेकांस राग आला. पण तर्क म्हणून तो अचूक आहे. पोलॉक यांनी हारकोर्ट यांची रेषा पुसून टाकली, कारण ती रेषा वस्तूंमध्ये नव्हतीच. जहाजामुळे मनुष्ये मरतात तशी बंदुकीनेही मरतात. खरी रेषा जाणण्यात आहे : वस्तू कोठे जाणार व तिने काय होणार हे देणाऱ्यास ठाऊक होते की नव्हते?

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने शिंग मारून मनुष्य मेला, तर बैलास दगडमार होतो व धनी सुटतो. परंतु बैल पूर्वीपासून मारका आहे, धन्यास तशी सूचना दिली आहे आणि तरीही त्याने तो बांधून ठेविला नाही, तर धनी दोषी ठरतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नव्या घराच्या धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे, नाही तर पडणाऱ्याचे रक्त घरावर येते. या दोन्ही नियमांत धन्याने स्वतः कोणास मारलेले नाही. जाणून दक्षता न घेणे हाच त्याचा दोष आहे.

आश्चर्य असे की शेवटी राष्ट्रांना हेच मान्य करावे लागले. ८ मे १८७१ च्या वॉशिंग्टन तहाने तटस्थाची 'योग्य दक्षता' ही कसोटी ठरविली. इटलीचे काउंट स्क्लोपिस यांच्या अध्यक्षतेखाली ब्रिटन, अमेरिका, स्वित्झर्लंड व ब्राझील यांचे लवाद जिनीव्हाच्या नगरभवनात बसले. १८६४ साली जखमी सैनिकांविषयीचा पहिला जिनीव्हा करार ज्या दालनात झाला त्याच दालनात. १४ सप्टेंबर १८७२ रोजी ब्रिटनने १ कोटी ५५ लाख डॉलर सोन्यात द्यावेत असा निवाडा झाला. ब्रिटनचे लवाद कॉकबर्न यांनी त्यास विरोध नोंदविला, पण त्यांच्या सरकारने रक्कम भरली. एका बलाढ्य साम्राज्याने आपल्या बेपर्वाईची भरपाई तलवारीवाचून द्यावी, ही गोष्ट मोठी होती. तत्पूर्वीच, १८७० साली, ब्रिटनने नवा कायदा करून, परक्या युद्धात वापरले जाणार असे जाणून अथवा तसे मानण्यास सबळ कारण असता जहाज बांधणे हाही गुन्हा ठरविला होता.

परंतु हा सगळा न्याय जहाजांपुरता झाला. बंदुकांबद्दल जिनीव्हात कोणी एक डॉलरही मागितला नाही. १९०७ च्या हेग करारांत तर हा भेद दगडावरील रेघ झाला : तटस्थ शासनाने युद्धमान पक्षास शस्त्रे देऊ नयेत, पण खाजगी व्यक्तींकडून होणारी शस्त्रांची निर्यात रोखण्यास ते बांधील नाही. मारका बैल समुद्रावर जात असेल तर बांधावयाचा, जमिनीवर जात असेल तर मोकळा, असा हा न्याय झाला.

दुसरी चूक शासन व व्यापारी यांस दोन निराळ्या जगांत बसविण्यात आहे. शासन खाजगी व्यापार आवरू शकत नाही असे हारकोर्ट म्हणत नाहीत. ते एवढेच म्हणतात की, आवरण्यास ते बांधील नाही. पण ज्या सहजतेने ते आवरता येते, ती पाहिली म्हणजे या 'बांधील नाही'चा अर्थ उलगडतो. १८६१ च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या युद्धनौकेने 'ट्रेंट' या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन प्रतिनिधी उतरवून घेतले व युद्धाचा प्रसंग आला. त्याच सुमारास उत्तरेसाठी दारूगोळ्याच्या कारखानदाराने लंडनच्या पेठेत सोऱ्याची मोठी खरेदी केली होती. हा सोरा बहुतांशी बिहारच्या मातीतून निघून कलकत्त्याहून जात असे. ब्रिटिश सरकारने त्याची व शस्त्रांची निर्यात तत्काळ बंद केली. त्या वेळी कोणाच्या उपजीविकेचा प्रश्न आड आला नाही. प्रकरण मिटताच जानेवारीत बंदी उठली. स्वतःचे सैनिक मरण्याचा संभव दिसताच जो हात एका दिवसात हलतो, तो परक्याचे सैनिक मरत असता चार वर्षे कायद्याचे पुस्तक धरून बसतो, याला तटस्थता हे नाव शोभत नाही.

उपजीविकेचा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रेषितांच्या कृत्यांत इफिसचा देमेत्रिय सोनार कारागिरांस गोळा करून हेच सांगतो की, आपली चरितार्थाची सोय या धंद्यात आहे. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या सभेत जमलेल्यांच्या घरी खरोखरच चुली होत्या. परंतु धंदा हे कोणत्याही प्रश्नाचे शेवटचे उत्तर नव्हे, याची साक्ष त्याच युद्धाने दिली. अमेरिकन कापूस बंद झाल्याने लँकेशरच्या गिरण्या थांबल्या व हजारो मजुरांची उपासमार झाली. नाकेबंदी मोडावी असे म्हणण्यास त्यांच्याइतके कारण कोणासच नव्हते. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टर येथे भरलेल्या सभेत मजुरांनी लिंकन यांस पाठिंबा दिला, आणि १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी त्यांचे आभार मानले. याच काळात मुंबईत मात्र सोन्याचा पाऊस पडत होता. खानदेश, वऱ्हाड व धारवाडचा कापूस दुप्पट-तिप्पट भावाने जात होता. १८६५ साली युद्ध संपले व तो फुगा फुटला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला, त्यांचे वैभव त्याच तेजीशी निगडित होते. कापूस हे शस्त्र नव्हे व देणगीही निंद्य नव्हे. पण दूरच्या युद्धाशी आपला काही संबंध नव्हता, असे आपणही म्हणू नये.

तिसरी चूक सर्वांत खोल आहे. हारकोर्ट यांच्या पत्रांत न्याय दोन युद्धमान पक्षांमध्ये तोलला जातो. दोन्ही पारडी सारखी ठेविली की तटस्थाचे काम संपले. परंतु यादवी युद्धात बहुधा तिसरा एक पक्ष असतो, ज्याच्या हाती शस्त्रही नाही व पेठेत ज्याची पतही नाही. १८६० च्या शिरगणतीप्रमाणे अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. युद्धाचे मूळ तेच होते. लिव्हरपूलच्या पेठेत त्यांचा कोणी खरेदीदार नव्हता. उत्तर व दक्षिण यांस समान वागविले म्हणून त्या ४० लाखांस समान वागविले असे होत नाही. त्यांच्या पारड्यात काहीच ठेवले गेले नाही. हारकोर्ट हे सहृदय गृहस्थ होते, पण त्यांच्या कायद्यात या लोकांना बसावयास जागाच नव्हती. ज्या नीतीत शेजारी कोण हा प्रश्न केवळ दोन सरकारांपुरता विचारला जातो, ती नीती शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यातील याजक व लेवी यांच्याच वाटेने जाते.

हे लिहिताना ख्रिस्ती मंडळीने आपले हात स्वच्छ समजू नयेत. १९६७ ते १९७० या काळातील नायजेरियाच्या यादवी युद्धात चर्चसंस्थांनी बिआफ्रातील उपाशी लोकांस विमानाने अन्न पोहोचविले. ते कार्य थोर होते. परंतु आरंभी ज्या खाजगी विमानांतून हे अन्न व औषधे जात, तीच विमाने शस्त्रेही वाहत असत. पुढे चर्चसंस्थांनी साओ टोमेहून आपली स्वतंत्र व्यवस्था केली. भुकेल्यास अन्न देण्याची घाई असताही विमानात दुसरे काय आहे हे विचारावे लागते, हा धडा तेथे मिळाला.

हेगच्या १९०७ च्या नियमापुढे जग थोडेसे सरकले आहे. २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शस्त्रव्यापार करार संमत केला व २४ डिसेंबर २०१४ पासून तो अंमलात आला. वंशसंहारासाठी अथवा नागरिकांवरील हल्ल्यांसाठी शस्त्रे वापरली जातील हे परवानगी देताना ठाऊक असेल, तर शासनाने ती परवानगी देऊ नये, असे तो सांगतो. विक्रेता खाजगी आहे ही सबब येथे उरत नाही; मारक्या बैलाचा नियम जमिनीवरही लागू झाला. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला. करार निर्यात करणाऱ्या राष्ट्रांकडे झुकलेला आहे, असा आपला आक्षेप होता. तो निराधार नव्हता. परंतु आता आपणही निर्यात करणारे झालो आहोत. २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारताची संरक्षण-निर्यात २१,०८३ कोटी रुपयांची होती व तीत खाजगी कंपन्यांचा वाटा मोठा होता.

खडकी, वरणगाव, अंबाझरी, भंडारा, तसेच हैदराबादजवळचे मेदक या ठिकाणी दारूगोळ्याचे व शस्त्रांचे कारखाने आहेत, आणि त्यांवर जगणारी कुटुंबे आपल्या उपासनेत आपल्या शेजारी बसतात. त्या कामगारास दोषी ठरवून मोकळे होणे हा भ्याडपणा होईल. देशाच्या रक्षणासाठी शस्त्र बनविणे व ते कोणत्याही परक्या कलहात विकणे यांत भेद आहे. आपण विचारावयाचे ते शासनास व कंपन्यांस, आणि नागरिक म्हणून स्वतःस : हा माल शेवटी कोणाच्या हाती जातो? तेथे ज्याच्याजवळ शस्त्र नाही अशा तिसऱ्याचे काय होते? आणि हे ठाऊक असूनही आपण कोणता कायदा पुढे करून गप्प राहतो?

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात एक विलक्षण विधी आहे. रानात कोणाचे तरी प्रेत सापडले व मारणारा कळला नाही, तर वडीलजनांनी तेथून आसपासच्या नगरांचे अंतर मोजावे. सर्वांत जवळच्या नगराच्या वडिलांनी कालवड आणून तिच्यावर हात धुवावेत व हे रक्त आमच्या हातांनी पाडले नाही असे म्हणावे. पिलातानेही हात धुतले. पण त्या वडिलांनी हात धुण्याआधी रानात जाऊन प्रेत पाहिलेले असते व दोरी धरून अंतर मोजलेले असते. हारकोर्ट यांच्या पत्रांत हात धुण्याचा विधी संपूर्ण आहे. मोजणी मात्र राहून गेली. ती करण्याचे काम आजच्या प्रत्येक शस्त्रे विकणाऱ्या राष्ट्राकडे, आणि म्हणून आपल्याकडेही, शिल्लक आहे.